साथ ओसरली, सुतक फिटलं नाही

मराठवाड्यातल्या कुठल्याही प्राथमिक आरोग्य केंद्राच्या ओपीडीत सकाळी दोन तास बसलं, की ठरावीक तक्रारी कानावर पडतात. छातीत धडधडतं, जीव घाबरा होतो, डोकं जड पडतं, पोटातला गॅस वर चढतो, रात्री दोनला जाग येते आणि मग डोळ्याला डोळा लागत नाही. ईसीजी नॉर्मल निघतो, बीपी किंचित वाढलेलं असतं, हिमोग्लोबिन जेमतेम. अ‍ॅसिडिटीची गोळी, कॅल्शियम आणि बी-कॉम्प्लेक्स घेऊन बाई घरी जाते. 'उदास वाटतं' असं आपल्याकडे कुणी म्हणत नाही. 'करमत नाही', 'मन लागत नाही', 'कसंतरीच होतंय' असं म्हणतात, आणि तेही कुणी विचारलं तर. कधीपासून होतंय, असं विचारलं की उत्तरात साल येत नाही. मालक गेले तेव्हापासून. दीर कोरोनात गेला तेव्हापासून. दवाखान्याच्या बिलापायी दोन एकर गहाण पडलं तेव्हापासून.

साथीने माणसांच्या मनाचं काय केलं, याची चर्चा आपण बहुतेक वेळा विषाणूची भीती, घरात कोंडून राहणं आणि एकटेपणा यांभोवती करतो. हे खोटं नाही, पण ते फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांचं खरं आहे. मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांत घाव तीन ठिकाणी बसला: माणसाच्या मातीला जाता आलं नाही, दवाखान्यापायी कर्ज झालं आणि आधीपासून चालू असलेल्या गोळ्या तुटल्या. या तिन्ही गोष्टी शासनाच्या हातातल्या होत्या. म्हणून साथीतलं मानसिक आरोग्य समुपदेशकाच्या खुर्चीपर्यंत पोहोचण्याआधी तहसील कचेरीत, तालुका आरोग्य अधिकाऱ्याच्या टेबलावर आणि स्मशानभूमीच्या फाटकावर ठरतं, असं आमचं म्हणणं आहे. पुढच्या साथीची तयारी तिथून सुरू झाली पाहिजे, आणि मागच्या साथीचं राहून गेलेलं कामही तिथूनच उरकावं लागेल.

आधी आकड्यांबद्दल. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२२ मध्ये सांगितलं, की साथीच्या पहिल्या वर्षात जगभर चिंता आणि नैराश्याचं प्रमाण सुमारे २५ टक्क्यांनी वाढलं. त्याआधी ऑक्टोबर २०२१ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासाचा अंदाज होता, की २०२० या एकाच वर्षात नैराश्याचे ५.३ कोटी आणि चिंताविकाराचे ७.६ कोटी रुग्ण जास्तीचे झाले. त्यात बायका आणि तरुण अधिक. पण या अंदाजांमागची पाहणी बरीचशी श्रीमंत देशांतली आहे. आपल्याकडे २०१५-१६ चं राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने केलं. त्यात प्रौढांपैकी १०.६ टक्क्यांना त्या घडीला एखादा मानसिक आजार असल्याचं आढळलं, आणि बहुतेक आजारांत १०० पैकी ७० ते ९० जण उपचाराविना होते. ते सर्वेक्षण १२ राज्यांत झालं. महाराष्ट्र त्यात नव्हता. म्हणजे साथ येण्याआधी मराठवाड्याचं मन कसं होतं याचं मोजमापच आपल्याकडे नाही. मग ते किती बिघडलं हे कशाच्या आधारावर सांगणार?

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांत देशातल्या आत्महत्या २०१९ मध्ये १,३९,१२३, २०२० मध्ये १,५३,०५२ आणि २०२१ मध्ये १,६४,०३३ आहेत. २०२१ च्या आकड्यातले ४२,००४ जण रोजंदारीवर जगणारे होते. महाराष्ट्र या यादीत सगळ्यांत वर राहिला. ही सगळी वाढ कोरोनाच्या खात्यावर टाकणं बरोबर नाही. आपल्याकडे २०२० आणि २०२१ या दोन्ही वर्षी परतीच्या पावसाने काढणीला आलेलं सोयाबीन आडवं केलं होतं. विभागीय आयुक्तालयाच्या नोंदीत मराठवाड्यातल्या शेतकरी आत्महत्या २०२२ मध्ये १,०२३ आणि २०२३ मध्ये १,०८८ आहेत, म्हणजे साथ ओसरल्यावरच्या. पीक गेलेलं, कर्ज वाढलेलं आणि घरातलं माणूस गेलेलं, अशा घरात कारण वेगळं काढून दाखवता येत नाही. ते काढायचा हट्टही नको. त्या घरापर्यंत आधी पोहोचणं महत्त्वाचं.

आता मातीबद्दल, कारण सगळ्यांत जास्त अन्याय तिथे झाला.

आपल्याकडे अंत्ययात्रेला माती म्हणतात. 'मातीला गेलो होतो' या तीन शब्दांत सगळं येतं: खांदा, चूल न पेटलेल्या घरात शेजाऱ्यांनी आणलेला कडू घास, तिसऱ्या दिवशी राख सावडणं, दहावा, तेरावा, आणि पुढे महिनाभर दारावर भेटायला येणारे सोयरे. दरवेळी नवा माणूस आला की घरातली बाई पुन्हा पहिल्यापासून सांगते: सकाळी चहा घेतला, मग कसं व्हायला लागलं म्हणाले. वीस-पंचवीस वेळा सांगून होतं तेव्हा कुठे गेलेलं माणूस गेलं, हे तिच्या मनाला पटू लागतं. दुःखावर याहून चांगला उपचार कुठल्या पुस्तकात नाही. मुसलमान घरांत दफनापासून चाळिसाव्यापर्यंत आणि बौद्ध घरांत जलदान विधी, पुण्यानुमोदनाच्या निमित्ताने हेच होतं. २०२० च्या उन्हाळ्यात आणि त्याहून अधिक २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये ही सगळी साखळी एकदम तुटली. रुग्णवाहिकेने माणूस जिल्ह्याच्या गावाला नेलं, आठ दिवस फोनवर 'तब्येत स्थिर आहे' एवढंच कळलं, आणि नवव्या दिवशी थेट राख, किंवा तीही नाही.

नियमच तसा होता, असा बहुतेकांचा आजही समज आहे. तो चुकीचा आहे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने १५ मार्च २०२० रोजीच, म्हणजे देशव्यापी टाळेबंदीच्याही आधी, कोविडने दगावलेल्यांच्या मृतदेहांबाबत सूचना काढल्या होत्या. पिशवीची चेन चेहऱ्यापर्यंत उघडून नातेवाइकांना शेवटचं दर्शन देता येईल, मृतदेहाला हात न लावता होणारे विधी, म्हणजे पाठ, मंत्र, पाणी शिंपडणं करता येईल, असं त्यात स्पष्ट होतं. आंघोळ घालणं, मिठी मारणं तेवढं नको. राखेपासून धोका नाही, ती गोळा करता येईल, हेही लिहिलेलं होतं. पुढे अंत्यविधीला २० माणसांची मर्यादा आली, म्हणजे २० माणसांना परवानगी होती. हा कागद शवागारातल्या आणि स्मशानातल्या माणसापर्यंत पोहोचलाच नाही.

का पोहोचला नाही, याची कारणं साधी आहेत आणि ती नीट पाहिली तरच पुढच्या वेळी टळतील. मृतदेहाला एकावर एक प्लास्टिकचे थर गुंडाळले जात. त्यात चेहऱ्याजवळ चेन उघडायची सोय उरत नसे. रात्रपाळीला शवागारात मोजकी माणसं, आणि दर्शनाची जबाबदारी कुणाची हे कुठेच लिहिलेलं नाही. ज्याच्यावर जबाबदारी नसते तो माणूस नाही म्हणून मोकळा होतो, त्यात त्याची वाईट बुद्धी नसते. त्याला संसर्गाचीही भीती होती, आणि ती भीती कुणी बसून काढली नव्हती. त्यात दुसऱ्या लाटेत संख्या हाताबाहेर गेली. एप्रिल २०२१ मध्ये अंबाजोगाईत एका रुग्णवाहिकेत २२ मृतदेह कोंबून स्मशानात नेले गेले, ही बातमी देशभर गेली. रुग्णवाहिका कमी होत्या, हे कारण खरंच होतं. पण त्या २२ घरांच्या मनात ते दृश्य आता कायमचं आहे.

पुढच्या साथीत यासाठी फार मोठा खर्च लागणार नाही. चेहऱ्याच्या जागी पारदर्शक पट्टी असलेल्या पिशव्या आधीच खरेदी करून ठेवता येतात. दोन नातेवाईक, मास्क आणि गाऊन, दोन हात अंतर, पाच मिनिटं, एवढं ठरवून देता येतं. ज्यांना येणं शक्य नाही त्यांच्यासाठी, त्यांनी मागितला तर, चेहऱ्याचा एक फोटो. राखेच्या मडक्यावर नाव, गाव, तारीख लिहिलेली चिठ्ठी, आणि मडकं किमान पंधरा दिवस सांभाळून पावतीवर देणं. हे करणाऱ्या कर्मचाऱ्याचं पदनाम आदेशातच लिहिलेलं असावं. आणि माणूस जिवंत असतानाची गोष्ट: वॉर्डातून रोज संध्याकाळी ठरलेल्या वेळेत घरी एक फोन, तोही रोज त्याच माणसाचा. जेवला का, बोलतो का, ऑक्सिजन वाढवला की कमी केला. वाईट बातमी एकदम आदळण्यापेक्षा पायरीपायरीने कळली तर माणूस ती पेलू शकतो. फाटकाबाहेर आठ दिवस बसून काहीच न कळणं, याने जेवढी माणसं मोडली तेवढी मृत्यूनेही मोडली नसतील.

जे राहून गेलं त्याचं काय? शोक हा आजार नाही आणि त्याला गोळी लागत नाही. पण काहींचा शोक हलतच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात दीर्घकाळ रेंगाळणाऱ्या शोकाला स्वतंत्र जागा दिली आहे. सहा महिने उलटूनही गेलेल्या माणसाचीच ओढ, मृत्यू खरा न वाटणं, 'मीच दवाखान्यात न्यायला उशीर केला' ही बोचणी, आणि घरकाम-शेतकाम हातून न होणं, अशी त्याची लक्षणं. शेवटचं दर्शन न झालेल्यांत 'ते खरंच तेच होते का?' हा संशय वर्षानुवर्षं टिकतो. अशा घरात जाऊन 'आता विसरा' म्हणणं हा सगळ्यांत वाईट सल्ला. त्यांना सगळं पहिल्यापासून सांगू द्यावं लागतं, आणि राहिलेला विधी उशिरा का होईना करता येतो हे सांगावं लागतं. परंपरेत याची सोय आधीपासून आहे. देह न मिळाल्यास पळसाच्या पानांचा किंवा दर्भाचा पुतळा करून संस्कार करायचा पालाशविधी धर्मशास्त्रात आहे. इस्लाममध्ये समोर मय्यत नसताना पढली जाणारी गायबाना नमाज-ए-जनाजा आहे. ग्रामपंचायतीने एक दिवस ठरवून त्या दोन वर्षांत गेलेल्या सगळ्यांची नावं ग्रामसभेत मोठ्याने वाचली, तरी ज्या दारावर तेव्हा कुणी फिरकलं नाही त्या दाराला गावाने भेट दिल्यासारखं होईल. याला कुठला शासन निर्णय लागत नाही.

दुसरा घाव कर्जाचा. मे २०२० मध्ये राज्य शासनाने खासगी रुग्णालयांतल्या ८० टक्के खाटांचे दर बांधून दिले: साध्या वॉर्डात दिवसाला ४,०००, अतिदक्षता विभागात ७,५०० आणि व्हेंटिलेटरसह ९,००० रुपये. रेमडेसिव्हिरसारखी महागडी औषधं त्यात धरलेली नव्हती, आणि एप्रिल २०२१ मध्ये तीच इंजेक्शनं मिळेल त्या भावाने घ्यावी लागली. मंगळसूत्र, मग बैलजोडी, मग जमीन. माणूस वाचला तरी घर बसलं; माणूस गेला तर बिल विधवेच्या पदरात आलं. झोप न लागण्याचं कारण सावकार असेल, तर झोपेच्या गोळीने ते कसं जाणार? तिथे उपयोगी पडणारी गोष्ट म्हणजे २०१४ चा महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा. सावकारीच्या व्यवहारात बळकावलेली जमीन, व्यवहार १५ वर्षांच्या आतला असेल तर, जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करून परत मागता येते. आरोग्य केंद्रातल्या समुपदेशकाला हा अर्ज कसा लिहायचा हे येत असेल, तर तो जास्त माणसं वाचवेल, असं आमचं ठाम मत आहे.

ऊसतोडीच्या पट्ट्यात, म्हणजे बीड आणि त्याला लागून असलेल्या तालुक्यांत, हे आणखी अवघड. तिथे नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, आणि मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, त्या जोडीवर मिळते. नवरा गेला की बाई अर्धा कोयता होते. फडात अर्ध्या कोयत्याला काम मिळताना मारामार, पण डोक्यावरची उचल पूर्णच राहते. कोविडने मृत्यू झालेल्यांच्या कुटुंबाला ५०,००० रुपयांची मदत होती, पण त्यासाठी चाचणीचा कागद लागायचा; तपासणीआधीच घरी दगावलेल्यांच्या घरांना तो कुठून मिळणार? जिल्हा पातळीवर तक्रार निवारण समिती होती, हे किती जणींना माहीत होतं? आई किंवा बाप गेलेल्या पोरांना मिळणारे बालसंगोपन योजनेचे पैसे महिन्याला १,१०० वरून २०२३ मध्ये २,२५० झाले, ते मात्र पोराला मानसिक आधार देणाऱ्या कुठल्याही भाषणापेक्षा मोलाचे आहेत.

तिसरा घाव दिसत नाही, कारण तो आधीच आजारी असलेल्यांना बसला. महाराष्ट्रात शासकीय प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे. मराठवाड्यात एकही नाही. जालन्यात उभारायचं ठरलं आहे. त्यामुळे इथला स्किझोफ्रेनियाचा किंवा द्विध्रुवी आजाराचा (कधी उन्माद, कधी नैराश्य) रुग्ण महिन्यातून एकदा एसटीने संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात, अंबाजोगाईला, लातूरला, नांदेडला किंवा सोलापूरला जातो आणि ३० दिवसांच्या गोळ्या घेऊन येतो. मार्च २०२० मध्ये एसटी थांबली. जिल्ह्याबाहेर गाड्या पुन्हा सुरू व्हायला ऑगस्ट उजाडला. जरा घडी बसते न बसते तोच २०२१ च्या दिवाळीपासून २०२२ च्या एप्रिलपर्यंत एसटीचा संप चालला. दोन वर्षांत दोनदा रस्ता तुटला, आणि औषध दुकानदार जुन्या चिठ्ठीवर या गोळ्या देत नाहीत.

गोळी तुटल्यावर काय होतं हे औषधागणिक वेगळं आहे, म्हणून जरा सविस्तर. द्विध्रुवी आजारावरचं लिथियम एकदम बंद झालं तर काही आठवड्यांत उन्मादाचा झटका पुन्हा येऊ शकतो. उलट मराठवाड्याच्या ४२ अंशांत पाणी कमी पडलं आणि गोळी चालू राहिली तर लिथियम रक्तात साचून विषारी होतं, हात थरथरतात, उलट्या होतात, तोल जातो. स्किझोफ्रेनियावरचं क्लोझापिन ४८ तासांपेक्षा जास्त चुकलं तर जुन्या डोसवर परत जाता येत नाही, १२.५ मिलिग्रॅमपासून पुन्हा चढावं लागतं. घरच्यांना हे माहीत नसतं. ते गोळ्या मिळाल्याबरोबर पूर्वीसारख्या तीन-चार देतात आणि रुग्ण कोसळतो. व्हॅलप्रोएट किंवा कार्बामाझेपिन अचानक थांबलं तर फिट येऊ शकते.

दारूचंही तसंच. २०२० च्या टाळेबंदीत २५ मार्चपासून ४ मेपर्यंत दारूची दुकानं बंद होती. रोज पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की सहा ते चोवीस तासांत थरथर आणि घाम सुरू होतो, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दोन ते चार दिवसांत भ्रम: भिंतीवर किडे दिसतात, माणूस ओळखत नाही. गावात याला बाहेरची बाधा समजतात आणि त्याला देवाच्या ठिकाणी घेऊन जातात, तेवढ्यात जीव जातो. आरोग्य केंद्रात आणला तरी एक चूक वारंवार होते. ग्लुकोजचं सलाइन आधी लावतात. थायमिनचं, म्हणजे बी-१ जीवनसत्त्वाचं, इंजेक्शन त्याआधी द्यायला हवं, नाहीतर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. दारूबंदीचा आदेश काढणाऱ्या टेबलावर थायमिन आणि थरथर-फिट आवरणाऱ्या डायझेपामचा साठा मोजलेला असला पाहिजे.

यावरचा उपाय म्हणजे एक वही. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात, आपल्या हद्दीतले कोणकोण लिथियम, क्लोझापिन, रिस्पेरिडोन, ओलान्झापिन आणि फिटेच्या गोळ्यांवर आहेत, त्यांचं नाव, डोस, शेवटची चिठ्ठी. साथ जाहीर झाली की ९० दिवसांचा साठा केंद्रात, आणि दर महिन्याला आशाताईंच्या हाती घरपोच. एकदम तीन महिन्यांच्या गोळ्या घरात देऊ नयेत. ज्याच्या मनात जिवाचं बरंवाईट करायचं घोळतंय त्याच्या हाती तो साठा पडायला नको. डॉक्टरांनी फोनवरून चालू औषधाची चिठ्ठी द्यायला २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिनच्या सूचनांनीच परवानगी दिली होती. ती चिठ्ठी कागदावर उतरवून दुकानापर्यंत पोहोचवणारं माणूस नव्हतं.

आता ओपीडीतल्या त्या बाईकडे परत येऊ. तिचं काय करायचं, हे अवघड नाही. शेतकरी आत्महत्या रोखण्यासाठी मराठवाडा आणि विदर्भातल्या १४ जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प आखला गेला, तेव्हाच आशाताईंनी घरोघरी जाऊन प्रश्न विचारायची पद्धत ठरली. प्रश्न चांगले आहेत. पहिले दोन: गेल्या दोन आठवड्यांत कामात मन लागलं नाही असं किती दिवस झालं? उदास, निराश किती दिवस वाटलं? दोन्ही मिळून सहापैकी तीन गुण झाले तर उरलेले सात प्रश्न विचारायचे, आणि सत्तावीसपैकी दहा किंवा जास्त झाले तर डॉक्टरांकडे. चुकतं ते विचारण्यात. सासू समोर बसलेली असताना सुनेला विचारलं तर उत्तर 'नाही' असंच येणार. 'दोन आठवडे' हे मोजमाप खेड्यात डोक्यात बसत नाही. 'मागल्या दोन बाजारांपासून' म्हटलं की बरोबर उत्तर येतं. आणि सगळे प्रश्न एका दमात वाचून खुणा केल्या तर तो फॉर्म भरण्याचा कार्यक्रम होतो.

शेवटचा प्रश्न जिवाबद्दलचा, आणि तो टाळला जातो. 'जगणं नको वाटतं का? तसं काही मनात ठरवलंय का?' असं सरळ विचारल्याने कुणाच्या डोक्यात नवा विचार घुसत नाही. उलट ज्याच्या मनात आहे त्याला हायसं वाटतं. होकार आला तर त्या माणसाला एकटं सोडायचं नाही, आणि घरातलं फवारणीचं औषध त्याच दिवशी हलवायचं. हलवायचं म्हणजे शेतातल्या कोठ्यावर ठेवायचं असं नाही, तिथे तर तो एकटाच असतो. कुलपाच्या पेटीत, आणि किल्ली दुसऱ्या घरी. जीव द्यायची तीव्र ऊर्मी बहुतेकदा थोड्या वेळाची असते. ती ओसरेपर्यंत हाताशी काही नसलं तर माणूस वाचतो. श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशकं टप्प्याटप्प्याने बंद केली तेव्हा तिथल्या आत्महत्या दोन दशकांत सुमारे ७० टक्क्यांनी उतरल्या. टेलि-मानस या शासनाच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक १० ऑक्टोबर २०२२ पासून दिवसरात्र मोफत चालतो, मराठीत बोलता येतं; तो घरातल्या भिंतीवर लिहून ठेवायचा.

गोळ्यांबद्दल आपल्याकडे गैरसमज उलटे आहेत. नैराश्याच्या गोळीची सवय लागते म्हणून लोक भितात, आणि जिची खरोखर सवय लागते ती झोपेसाठी, घाबरण्यासाठी घेतली जाणारी अल्प्राझोलाम शेजारणीच्या सांगण्यावरून वर्षानुवर्षं घेतात. अल्प्राझोलामने अर्ध्या तासात बरं वाटतं, हेच तिचं आकर्षण. दोन ते चार आठवड्यांपलीकडे ती सहसा जाऊ नये, आणि बरेच महिने घेतलेली असेल तर एकदम बंदही करू नये, फिट येऊ शकते. उलट फ्लुओक्सेटिन, एस्सिटालोप्रामसारख्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि पहिल्या आठवड्यात मळमळ, डोकेदुखी, थोडी अस्वस्थता येते. हे आधी सांगितलं नाही तर आठव्या दिवशी गोळी उकिरड्यावर जाते: त्रास झाला, गुण आला नाही. बरं वाटायला लागल्यावरही किमान सहा महिने त्या चालू ठेवायच्या असतात. चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरांनी खर्च केलेली ही तीन मिनिटं औषधाइतकीच महत्त्वाची.

मराठवाड्याचा माणूस चिवट आहे, त्याने बहात्तरचा दुष्काळ पाहिला, किल्लारी पाहिली, त्याला मानसिक आरोग्याचे लाड नकोत, असं म्हणणारे पुष्कळ भेटतात, आणि ते प्रेमाने म्हणतात. किल्लारीचं उदाहरण मात्र उलट बोलतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे हजारो माणसं गेली, सामूहिक चिता पेटल्या, ५२ गावं नव्याने वसवली गेली. तो घाव भयंकर होता, पण तो सगळ्यांना एकाच वेळी, एकाच ठिकाणी बसला. लोक एकमेकांच्या गळ्यात पडून रडले, देशभरातून माणसं धावून आली. कोरोनात मरण एकेका घरात, एकेका तारखेला आलं, आणि शेजारी दार लावून बसले, कारण तसं सांगितलं होतं. आपल्या आज्या-पणज्या १९१८ च्या मानमोडीच्या तापाबद्दल बोलायच्या, तेव्हा त्याही किती माणसं गेली यापेक्षा मातीला चार खांदे मिळाले नाहीत, हेच सांगायच्या. चिवटपणा हा माणसामाणसांत असतो. माणसं एकमेकांपासून तोडल्यावर तो कुठून आणायचा?

मुलींबद्दल थोडक्यात, कारण त्यावर वेगळा लेख हवा. शाळा बंद, वसतिगृहं बंद, आईबाप फडात, आणि पन्नास माणसांत लग्न उरकायची सोय. पंगतीचा खर्च वाचतो म्हणून या भागात टाळेबंदीत पंधरा-सोळाव्या वर्षी मुलींचे हात पिवळे झाले. गावातला ग्रामसेवकच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, आणि १०९८ हा मुलांसाठीचा क्रमांक आहे. त्या मुली आता विशीत आहेत, एक-दोन लेकरांच्या आया आहेत, आणि ओपीडीतल्या रांगेत 'गॅस वर चढतो' म्हणणाऱ्यांत त्याही आहेत.

दर वर्षी जूनच्या आधी तालुक्याची पूरनियंत्रणाची बैठक होते: बोटी किती, पोहणारे कोण, कोणत्या गावाचा रस्ता तुटतो. त्याच बैठकीत साथीचं एक पान जोडता येईल. त्या पानावर गोळ्यांच्या वहीची तारीख, थायमिनचा साठा, पारदर्शक पट्टीच्या पिशव्यांची संख्या, रोज संध्याकाळी घरी फोन करणाऱ्याचं नाव, आणि एसटी थांबली तर औषध नेणारी गाडी कोणती, एवढं असलं तरी पुष्कळ. शिवाय शेवटी दोन ओळी. 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' या राज्याच्या घरोघरी तपासणी मोहिमेच्या वेळी सप्टेंबर २०२० मध्ये आशाताई गावं पालथी घालत होत्या, लोकांचं ताप-ऑक्सिजन मोजत होत्या, काही ठिकाणी शिव्याही खात होत्या. त्यांचं स्वतःचं कुणी विचारलं नाही. म्हणून पहिली ओळ: आशाताईंना आणि सरण रचणाऱ्या कामगारांना सलग चौदा दिवसांपेक्षा जास्त साथीच्या कामावर ठेवू नये, आणि दर महिन्याला तेच नऊ प्रश्न त्यांनाही, एकांतात, बाहेरच्या तालुक्यातल्या माणसाने विचारावेत. दुसरी ओळ: पंधराव्या दिवशी त्यांच्या जागी कोण येणार, त्याचं नाव आणि मोबाइल क्रमांक.